कुंभारीण

आमचे दाजी चिंचवडच्या एका कारखान्यात ३४ वर्षं क्वालिटी खात्यात होते, हे त्यांना भेटल्यावर दहा मिनिटांत कळतं. हॉटेलात चहा आला की ते आधी कप उचलून त्याचं बूड बघतात. लग्नाच्या पंगतीत जिलबीची वेटोळी मोजतात. आणि काही बिघडलं की विचारतात, "का?" त्याचं उत्तर मिळालं की पुन्हा "का?" असं पाच वेळा. ही रीत जपानच्या टोयोटा कंपनीतून आली आणि आपल्याकडच्या कारखान्यांत भिंतीभिंतीवर लागली. दाजी ती घरीही आणत. भाचा गणितात नापास झाला तेव्हा त्याचीही पाच 'का'ची चौकशी झाली होती, आणि पाचव्या 'का'ला तो बिचारा "कारण मी जन्मलो" म्हणाला होता.

निवृत्त झाल्यावर दाजींनी ट्रेलर करून घेतला. जीपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. २०२१ साली सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्याची कात्रणं त्यांनी जपून ठेवली होती. एका गाळेवाल्याकडून त्यांनी बांधून घेतलेला हा ट्रेलर चौदा फुटी. आत दोन पलंग, एक चिमुकला ओटा, नळ, मोरी, आणि डाव्या पलंगाखाली पिण्याच्या पाण्याची प्लास्टिकची टाकी. ९० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, २५ उंच. दाजींनी आकडे तोंडपाठ करून घेतले होते. पाणी भरायचं तोंड बाहेरच्या बाजूला, झाकण लावलेलं. त्याच्या वर, खिडकीच्या खाली, करंगळीएवढ्या नळीचं एक टोक बाहेर आलेलं. टाकी भरली की त्या नळीतून धार यायची, म्हणजे मोटर बंद करायची. गाळेवाल्यानं हे दाखवलं तेव्हा दाजी दुसरीकडे पलंगाच्या बिजागऱ्या तपासत होते.

सोसायटीच्या वाहनतळात ट्रेलर दसऱ्यापासून उभा होता. जानेवारीत निघायच्या आधी दाजींनी बागेची नळी लावून टाकी भरली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि चोवीस तासांनी बघितलं. कागद कोरडा. त्यांनी रजिस्टर काढलं, तारीख टाकली, 'गळती नाही' लिहून सही केली. हो, ट्रेलरचंही रजिस्टर होतं.

पहिली फेरी पवनेला. तळेगावहून मी बसलो. वडगाव, कामशेत, मग कामशेतला डावीकडे वळून पवनानगर. जीपच्या मागे ट्रेलर डुलत होता, आक्का दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होती. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ऊन उतरत होतं. एका अंगाला तिकोना, समोर तुंगचं टोक, मागे लोहगड. आपल्या डोळ्यांना हे तलावाचं चित्र वाटतं, पण पाण्याखाली शेतं आहेत. १९७०च्या सुमारास पाणी अडलं, गावं वर सरकली, आणि पाणी गेलं पिंपरी-चिंचवडला. दाजींनी ज्या नळानं घरी टाकी भरून तपासली होती, त्या नळाचं पाणी याच धरणाचं. म्हणजे पवनेचं पाणी चिंचवडला जाऊन ट्रेलरमध्ये बसून पुन्हा पवनेला परत आलं. तेही वाटेत संपलं होतं, कारण आक्कानं कामशेतलाच भांडी घासली.

ज्यांच्या वावरात उतरायचं ठरलं होतं ते आबा सत्तरीपुढचे. निम्मं वावर पाण्यात, उरलेल्या निम्म्यात तंबू लावून पोराचा धंदा. आबा तंबूंकडे फारसे बघत नसत. गोठा, विहीर आणि त्या विहिरीवरची एक अश्वशक्तीची मोटर हे त्यांचं खातं. पाणी हवंय म्हटल्यावर त्यांनी पाऊण इंची नळी ओढून आणली आणि ट्रेलरच्या तोंडात घातली. मोटर सुरू केली.

पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग तोंडातून पाणी उलटं उडायला लागलं. भक्, भक्, करून गुळण्या टाकाव्यात तसं. दाजींचा शर्ट भिजला.

आबा मोटरीपाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "पाव्हणं, ह्यातलं वारं कुठनं निघतंय?"

"आबा, ते सगळं डिझाइनमध्ये असतं," दाजी म्हणाले. "तुम्ही भाकरीचं बघा."

आक्काच्या जुन्या पातळाची एक चिंधी फडक्यांच्या पिशवीत होती. दाजींनी ती नळीभोवती गुंडाळली, तोंडात गच्च कोंबली आणि वरून हातानं दाबून धरली. गुळण्या थांबल्या. एक थेंब बाहेर येईना. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला घरी जाऊन सांगावंसं वाटलं, दाजी म्हणजे दाजी. वरच्या नळीतून धार यायची खूण त्यांना ठाऊकच नव्हती, आणि ती आलीही नाही. अंदाजानं त्यांनी मोटर बंद करायला सांगितली.

रात्री दोन वाजता आक्काची गादी ओली झाली.

आता टाकीचं सांगायचं तर, ती कोपऱ्यात चिरली होती. वरचा माथा आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे, चार बोटं लांब, केसाइतकी बारीक चीर. दाजींनी टॉर्च तोंडात धरून, पोटावर पडून ती शोधली आणि सकाळी पवनानगरात जाऊन एमसील आणलं. मळलं, लावलं, अंगठ्यानं चेपलं. दगडासारखं झालं. पुढच्या फेरीला, फेब्रुवारीत, ते एमसील अख्खंच्या अख्खं, एखादी खपली निघावी तसं, हातात आलं. त्यात एमसीलचा दोष नाही. या टाक्या पॉलिथिलीनच्या, म्हणजे दुधाच्या पिशवीच्याच कुळातल्या. त्या प्लास्टिकला जन्मतः मेणचटपणा असतो, त्याच्यावर कुठलाच डिंक जीव लावत नाही. हे मला कामशेतच्या बंपरवाल्या पोरानं सांगितलं.

या पोराचं काम बघण्यासारखं. गाड्यांचे फुटके बंपर तो गरम हवेच्या बंदुकीनं सांधतो. टाकी समोर ठेवल्यावर त्यानं चिरेला आधी दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. "न्हायतर चीर पळती," म्हणाला. मग शेडमागून काळ्या पाण्याच्या टाकीचा एक तुकडा आणला, पानपट्टीवाला सुपारी कातरतो तशी त्याची लांब पट्टी कातरली. "जातीला जात लागती काका. दुसरं प्लास्टिक घातलं की वरवर बसतं, आत मिसळत न्हाय." बंदुकीची हवा चिरेवर सोडली, चिरेच्या कडा आधी चमकल्या, मग घामट झाल्या, मग तुपासारख्या हलल्या. त्या क्षणी त्यानं पट्टी टेकवली आणि हळूहळू पुढे सरकवत नेली. काळी पट्टी पांढऱ्या टाकीत रुतत गेली. तो फुंकर मारत नव्हता. आपोआप थंड होऊ दिलं. "संध्याकाळी न्या," म्हणाला.

संध्याकाळपर्यंत करायचं काय? आम्ही मळवलीमार्गे भाज्याला गेलो. लेणी चढताना दाजी पायऱ्यांची उंची कमी-जास्त आहे म्हणून नाराज होते, पण पाण्याच्या टाक्यांपाशी गप्प झाले. कातळात खोदलेली टाकी, २००० वर्षांपूर्वीची. तिथे एका टाक्याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. विण्हुदत्त नावाच्या एका महारठीनं, कौशिकीच्या पोरानं, हे टाकं दान दिलं असं त्यात म्हटलंय. टाक्याला त्या लेखात शब्द आहे 'पोढी'. सरदार माणूस, पण मागे नाव ठेवायचं तर पाण्याच्या टाकीवर ठेवलं. दाजी वाकून आत बघत होते. पाणी हिरवट होतं, पण होतं.

"बघा मेहुणे," दाजी म्हणाले, "मटेरियल म्हणजे हे. फुटायचा प्रश्नच नाही."

कातळ फुटत नाही हे खरं. पण पोढीचं तोंड आकाशाला उघडं आहे, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आबांच्या वावरात परत आल्यावर टाकी बसवली. मोटर, गुळण्या, चिंधी, हात. आबा पुन्हा पुढे आले. "पाव्हणं, मी काय म्हंतो..." दाजींनी मोकळा हात वर केला. ट्रॅफिक पोलीस करतो तसा. आबा गोठ्याकडे गेले. मी ट्रेलरच्या सावलीत उभा होतो. विहिरीपाशी सांडलेल्या पाण्यानं चिखल झाला होता, त्यावर एक काळी-पिवळी, बारीक कमरेची माशी उतरत होती, चिखलाची गोळी घेत होती आणि ट्रेलरच्या मागे जात होती. पुन्हा येत होती. आक्का म्हणाली, "कुंभारीण आहे. असू दे, गरीब असते ती, चावत नाही." मी असू दिलं.

पोराचं वेल्डिंग पक्कं राहिलं. टाकी त्याच्या शेजारी फाटली.

इथपासून दाजींनी दुरुस्ती सोडली आणि बदली सुरू केली. गाळेवाला म्हणाला, आमच्याकडे गळत नाही, तुमच्याच रजिस्टरात सही आहे. ते खरं होतं. मग नवी टाकी विकत, जास्त जाड. एप्रिलात तिसरी फेरी. धरण उतरलं होतं, शिळींबकडचं वाघेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर आलं होतं; वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात उभं असणारं ते दगडी देऊळ बघायला माणसं चिखल तुडवत जात होती. आम्हाला वेळ नव्हता. जाड टाकी जाड आवाज करून फाटली.

"रस्ते," दाजी म्हणाले. "आपले रस्ते. पाणी आत हिंदकळतं, कोपऱ्यावर आपटतं." यातही तथ्य आहे. अर्धा भरलेला टँकर वळणावर उलटतो तो याच हिंदकळण्यानं. म्हणून टँकरच्या पोटात भोकांचे पत्रे आडवे लावतात, लाट मोडायला. दाजींनी पहिल्या 'का'ला हे उत्तर लिहिलं आणि त्यावर समाधान मानलं. कारखान्यात असताना दुसऱ्या खात्यानं इतक्या लवकर समाधान मानलं असतं तर त्यांनी फॉर्म परत पाठवला असता. स्वतःच्या फॉर्मला परत पाठवणारं कुणी नसतं.

तिसरी टाकी स्टीलची झाली. ३०४ ग्रेड, आत लाट मोडायचे दोन पत्रे, खाली रबर, वरून पट्ट्या. टाकीवर टाकी बदलली, पण टाकीला जोडलेली ती करंगळीएवढी नळी तीच राहिली. नळीला काय होतंय?

दिवाळी झाल्यावर चौथी फेरी. पाणी काठोकाठ, रानात सोनकी अजून थोडी शिल्लक. आबांनी यावेळी काही विचारलं नाही. नळी आणून दिली, मोटर चालू केली आणि गोठ्याच्या दारात जाऊन बसले. दाजींनी चिंधी कोंबली. ती चिंधी एव्हाना त्या तोंडाच्या मापाची झाली होती.

पाचेक मिनिटांनी ट्रेलरच्या आतून आवाज आला. टण्ण! परातीवर कुणी हातोडा मारावा तसा. आक्का आतून ओरडत बाहेर आली. दाजींनी चिंधीवरचा हात काढला, तशी ती बंदुकीच्या गोळीसारखी उडाली आणि मागोमाग पाण्याची चूळ त्यांच्या छातीवर. मोटर बंद झाली. आम्ही आत जाऊन पलंग उचलला. फुटली नव्हती. पण स्टीलचा सपाट माथा पुरीसारखा टम्म फुगला होता.

कुणी काही बोललं नाही. आबाही नाही. त्यांचं न बोलणं मला दाजींच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू आलं.

या खोऱ्यात बंद नळाची गोष्ट तशी जपूनच काढावी. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून न्यायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ त्यांनी द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. आबा त्याबद्दल आमच्यापुढे कधी बोलले नाहीत. एकदा फक्त त्या दिशेला हात करून "तिकडं" म्हणाले होते. सांगायचं एवढंच, की कुणी ऐकून घेत नाही याची सवय आबांना आमच्या आधीपासून होती.

संध्याकाळी काकूंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, चूल पेटवली. तंबूवाल्यांसाठी भजी करायची होती. पोरानं तेलाचा नवा डबा आणून ठेवला आणि झाकणाच्या कोपऱ्यात खिळ्यानं एक भोक पाडलं. दाजी शेजारी बसले होते, हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी डबा उचलून कढईत तिरपा केला. तेल येईना. थोडं आलं, थांबलं, मग भक् करून एकदम आलं आणि कढईबाहेर सांडलं. पुन्हा थांबलं. भक्. दाजी डबा हलवायला लागले.

"अवं थांबा की," काकू म्हणाल्या. त्यांनी डबा सरळ केला, खिळा समोरच्या कोपऱ्यात टेकवला, वरून वरवंटा मारला. दुसरं भोक. "आता वता."

तेल सुतासारखं उतरलं. एकसारखी, न तुटणारी, पिवळी धार. आवाजसुद्धा नाही.

दाजी ओततच राहिले. काकूंनी "पुरं, पुरं" म्हटलं तेव्हा कढई काठाला आली होती. त्यांनी डबा खाली ठेवला आणि त्या दोन भोकांकडे बघत बसले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. त्यांच्या तोंडातून एखादं वाक्य निघणार होतं आणि निघालं नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. मग ते उठले आणि गोठ्याच्या दारात गेले.

"आबा, तुम्ही पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?"

आबांनी जराही वेळ घेतला नाही. जणू दहा महिने तो प्रश्न त्यांनी खुंटीला टांगून ठेवला होता. "वारं कुठनं निघतंय, म्हणलो हुतो."

टॉर्च घेऊन आम्ही तिघं ट्रेलरच्या बाजूला गेलो. खिडकीखाली नळीचं टोक होतं. म्हणजे असायला हवं होतं. तिथे चिखलाचा एक गुळगुळीत, गोल, वाळलेला टिळा होता, इतका सफाईदार की रंगाऱ्यानं मुद्दाम बुजवलंय असं वाटावं. दाजींनी नखानं टोकरलं. निघेना. आबांनी गोठ्यातून तार आणली. तार घातल्यावर आधी माती पडली, मग दाजींच्या तळहातावर एक हिरवी अळी पडली, मऊ, जिवंत असावी पण न हलणारी. मग अजून दोन. मग पुन्हा मातीचा पडदा. पुन्हा अळ्या. त्या पलीकडे जुने, रिकामे, कागदासारखे कोश. म्हणजे एक पिढी उडून गेली होती आणि दुसरी राहायला आली होती. करंगळीएवढ्या नळीत कुंभारणीनं खोल्यांमागे खोल्या काढल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक अंडं आणि त्या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लासाठी अळ्यांची बेगमी. आमच्या लहानपणी कीर्तनकार सांगायचे, अळीला माशीचं ध्यान लागतं आणि अळीचीच माशी होते. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात माशीचं पिल्लू ती अळी खातं.

"मी खोपोलीला पायपावर हुतो," आबा म्हणाले. इतक्या फेऱ्यांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो, कारण विचारलंच नव्हतं. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. लोणावळा, वळवण, शिरवत्याची धरणं वर घाटमाथ्यावर, आणि तिथून सुमारे पाचशे मीटर खाली पाणी उतरवणारे लोखंडी पाइप. आबांनी उमेदीची वर्षं त्या पाइपांवर रंग आणि राखण करण्यात काढली होती. "वरचं दार लावलं की पाणी खाली पळतं. मागं वारं घ्याया वाट नसली तर एवढा मोठा लोखंडाचा पाइप चिपाडावानी चपटा हुतो. म्हणून त्येला वाऱ्याची वाट ठेवत्यात. भरताना वारं भायेर, उपसताना वारं आत. हितंबी त्येच हाय की. पाणी काय, ते दिसतं. वारं दिसत न्हाय, म्हणून त्येला कुणी इचारत न्हाय."

घरी बागेच्या नळीनं भरताना पाणी सावकाश जायचं आणि हवा त्याच तोंडानं बाजूनं निघून यायची. म्हणून तिथे कागद कोरडा. इथे मोटरचा जोर. हवा तोंडातून निसटायला धडपडायची, तीच ती गुळणी. दाजींनी तिच्या तोंडात चिंधी कोंबली.

रात्री कंदिलाच्या उजेडात दाजींनी भज्यांच्या कागदाच्या मागे हिशेब मांडला. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. मोटर त्याच्या कितीतरी पट देऊ शकते, पण एवढाच धरू. भरायचं तोंड सुमारे १२ चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे दाजींच्या हाताला जाणवलेला जोर सव्वा किलो. टाकीचा माथा ९० गुणिले ५०, साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. त्याला आतून बसलेला जोर ४५० किलो.

"हाताला सव्वा किलो," दाजी म्हणाले. "मला वाटायचं, सहज धरून ठेवतोय." कागद त्यांनी आक्काकडे सरकवला. आक्कानं वाचला, घडी केली आणि काहीही न बोलता पदराला बांधला. संसाराला छत्तीस वर्षं झाली होती त्यांच्या. मी दुसरीकडे बघितलं.

मग दाजींनी रजिस्टर काढलं. पाच 'का'चं पान नव्यानं आखलं. टाकी का फुटली, आतला दाब वाढला. दाब का वाढला, हवा निघाली नाही. का निघाली नाही, नळी बुजली. बुजलेली का कळली नाही, पाणी उलटं येऊन सांगत होतं ते चिंधीनं बंद केलं. इथपर्यंत पेन भरभर चाललं. पाचव्या 'का'पुढची ओळ कोरीच ठेवून ते बराच वेळ बसले. मी झोपायला गेलो.

सकाळी रजिस्टर ओट्यावर उघडंच होतं. पाचवी ओळ कोरीच होती. पण पान उलटून ते जानेवारीच्या नोंदीपर्यंत मागे गेले होते. तिथे 'तक्रार प्रथम कोणी नोंदवली' असा एक रकाना असतो, कारखान्यातल्या फॉर्मवरून उचललेला. तो तोवर रिकामा होता. त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आबा. आणि पुढे, अवतरणात: वारं कुठनं निघतंय?

निघायच्या आधी आबांनी टाकी भरली. दाजी बाजूला उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. चिंधी नव्हती. पाणी गुपचूप आत गेलं, वरच्या नळीतून आधी हवेची फुंक आली, माझ्या मनगटाला गार लागली, आणि मग बारीक धार. "झाली," आबा म्हणाले. कुंभारणीला पुन्हा शिरता येऊ नये म्हणून नळीच्या टोकावर आक्कानं चहाच्या गाळणीची जाळी कापून बांधली. फुगलेला माथा दाजींनी ठोकून सरळ केला नाही. तसाच आहे, पलंग त्यावर जरासा डुगडुगतो.

फुटक्या टाक्या दोन होत्या. दुसरी भंगारात गेली. पहिली, एमसीलचे डाग आणि काळी पट्टी असलेली, आबांनी मागून घेतली होती. त्यांनी तिचा वरचा माथा करवतीनं कापून काढला, म्हणजे चिरा सगळ्या आपोआप गेल्या, आणि ती गोठ्यात ठेवली. दोन गाई आणि एक कालवड तिच्यातून पाणी पितात. गळत नाही.